कागदाचा हक्क आणि राज्याची पत



सरकारी दप्तरे सांभाळण्यात ज्यांची उमर गेली ते, आणि ती दप्तरे उघडायला लावण्यात ज्यांची जात आहे ते, अशा दोन्ही पक्षांना एका मांडवाखाली आणण्याचे धाडस या संमेलनाच्या चालकांनी केले, आणि पहिल्या पक्षात चाकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला अध्यक्षस्थानी बसवून त्यावर कळस चढवला, याबद्दल त्यांचे आभार मानावे की त्यांची काळजी करावी, हे संध्याकाळपर्यंत ठरेलच. स्थळ मात्र त्यांनी विचारपूर्वक निवडले आहे. माहितीच्या अधिकाराची चर्चा फोर्टातल्या एखाद्या वातानुकूलित सभागृहात अधिक सुखाने झाली असती, पण मानखुर्दात ती जितकी अपरिहार्य ठरते तितकी तिथे ठरली नसती.

कारण या शहराने आपल्याला नकोसे झालेले जे जे काही, ते ते पूर्वेच्या या टोकाला आणून टाकण्याचा परिपाठ फार पूर्वीपासून ठेवलेला आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. भाभा अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी १९७६ मध्ये उठवून तिथली माणसे चिता कॅम्पात आणून बसवली. पुढे रेल्वेरुळांकाठच्या आणि नव्या रस्त्यांच्या आड येणाऱ्या झोपड्या हलवल्या, तेव्हा त्यांतली हजारो कुटुंबे इथल्या लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आली. २००४-०५ च्या हिवाळ्यात मंडाळ्याच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरले, ते पाहिलेली माणसे या सभेतही असतील. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आपल्या एम पूर्व विभागाचा निर्देशांक ०.०५ असा, म्हणजे चोवीस विभागांत तळाचा, नोंदलेला आहे. अशा वस्तीतल्या मनुष्याचे सरकारशी जे नाते असते ते सर्वस्वी कागदाचे असते, आणि माझ्या आजच्या प्रतिपादनाचा सारा भार त्या नात्यावरच आहे.

सरकार या मनुष्याकडे कागद मागते. आणि तो मागताना कसलाही संकोच बाळगत नाही. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची पावती आहे काय, फोटोपास आहे काय, १ जानेवारी २००० पूर्वीच्या मतदारयादीत नाव आहे काय, ते नसेल तर २०११ पूर्वीचा पुरावा दाखवून सशुल्क पुनर्वसनाला तरी पात्र ठरता काय, असे प्रश्न त्याला विचारले जातात; आणि पावसाळ्यात ज्याच्या घरात गुडघाभर पाणी शिरते, ज्याचे घर एकदा जळले आणि दोनदा पाडले गेले, त्याने पंचवीस वर्षांपूर्वीचे विजेचे बिल जपून ठेवलेलेच असले पाहिजे, असे धरून चालले जाते. आश्चर्य असे की, तो ते ठेवतो. उलट त्याने त्याच सरकारकडे मागच्या वर्षीच्या नालेसफाईच्या देयकाची नक्कल मागितली, तर पक्क्या इमारतीत, पोलादी कपाटात, पगारी रक्षकांच्या हाती असलेला तो अभिलेख ‘आढळून येत नाही’! पुराव्याचा सारा बोजा दुबळ्या पक्षाच्या माथी मारणाऱ्या या व्यवहारात, बोजाचा काही अंश बलिष्ठ पक्षाकडे सरकवणारा पहिला कायदा म्हणजे माहितीचा अधिकार होय.

दप्तर बंद ठेवण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर इनामांच्या चौकशीसाठी त्याचे रुमाल खुशाल सोडले गेले, पण इतिहासाच्या अभ्यासकांना ते कित्येक दशके दुर्मीळच राहिले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले ते १९३० नंतर. म्हणजे कागद सरकारच्या वसुलीच्या कामी खुला आणि रयतेच्या जिज्ञासेला बंद, ही रीत परक्या राज्यात पुरती रुजली, आणि १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने तिला कायद्याचे कवच मिळाले. स्वराज्यानेही ते कवच उतरवले नाही. सरकारच्या प्रत्येक सार्वजनिक कृत्याची माहिती लोकांना असली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राज नारायण खटल्यात १९७५ मध्ये सांगितले खरे. परंतु त्याला हातपाय फुटले ते राजस्थानातल्या मजुरांमुळे. दुष्काळी कामांचे हजेरीपट उघड वाचून दाखवा, एवढीच मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनावण्यांतली मागणी होती. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती मात्र अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण आरंभिल्यानंतर. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला.

आता मुख्य प्रश्न. या कायद्याने सरकारवरचा विश्वास वाढला काय? याचे उत्तर आकड्यांनी देण्यापेक्षा, मी जन माहिती अधिकारी असताना टेबलावर आलेल्या एका अर्जावरून देतो. एका बाईंचे नाव झोपडीधारकांच्या पात्रतेच्या यादीत, जिला आपण सारे परिशिष्ट-दोन म्हणतो तिच्यात, ‘अपात्र’ या शेऱ्यासह आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत एकावर एक रचून ठेवलेले कागद घेऊन त्या आल्या. शिधापत्रिका लॅमिनेट केलेली, फोटोपासच्या कडा झिजलेल्या, सासऱ्यांचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेले. शेजारणीने पैसे चारले म्हणून ती पात्र, आपण चारले नाहीत म्हणून आपण अपात्र, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वस्तीत तेच बोलले जात होते. जोडपत्र ‘अ’ भरून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आपल्याला अपात्र ठरवणाऱ्या नस्तीतील टिपणीची प्रत त्यांनी मागितली. नस्ती काढून पाहता असे दिसले की, छाननी करणाऱ्याने त्यांच्या नावापुढे खालच्या ओळीतल्या झोपडीचा क्रमांक उतरवला होता, आणि त्या क्रमांकावर पुरावा न सापडल्याने शेरा मारून मोकळा झाला होता. लाच नव्हती, कट नव्हता. दुपारच्या वेळी पट्टी न लावता वाचलेली एक ओळ होती. प्रत हातात पडल्यावर बाई खूश झाल्या नाहीत, चिडल्या, “एवढ्यासाठी दोन वर्षं घालवली व्हय माझी?” असे त्यांनी मला विचारले, आणि त्याच प्रतीच्या आधारे अपील केले.

या उदाहरणात विश्वास कुठे वाढला, असे कोणी विचारील. मी म्हणेन, वाढला. जोवर सारे कार्यालय विकले गेले आहे अशी त्यांची समजूत होती तोवर अपील करण्याचे त्यांना कारणच नव्हते. एका विशिष्ट पानावरच्या एका विशिष्ट चुकीविरुद्ध दाद मागणे, म्हणजे ती दाद ऐकणारे कोणीतरी आहे असे मानणे होय. कायदा सरकारची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी नसतोच; आदर्श सोसायटीच्या प्रकरणात बाहेर आलेल्या कागदांनी कोणाची प्रतिष्ठा वाढली? परंतु सर्वव्यापी, निराकार आणि म्हणून निरुपाय असा जो संशय वस्त्यावस्त्यांतून पसरलेला असतो, त्याचे निश्चित तक्रारीत रूपांतर करण्याचे सामर्थ्य या कायद्यात आहे, आणि राज्याची पत तिथूनच पुन्हा उभी राहू लागते.

माझे जुने सहकारी यावर म्हणतील, अर्जांचा उपद्रव किती होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आहे. अर्जाच्या धाकाने ठेकेदाराकडून पैसे उकळणारे महाभाग मी पाहिले आहेत. परंतु ज्या देयकाची प्रत आधीच सर्वांसमोर आहे, तिचा धाक कोणाला घालणार? एक अर्ज, एक विषय आणि दीडशे शब्द, अशी मर्यादा आमच्या राज्याने २०१२ मध्ये घातली. ज्या कार्यालयांत ‘माहिती निरंक’ एवढे कळवण्यासाठी पाऊण पानाचे संदर्भ लिहिले जातात, त्यांनी सामान्य माणसाला संक्षेपाचे धडे द्यावेत, याची गंमत वाटते.

खरा प्रश्न ‘आढळून येत नाही’ या उत्तराचा आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे गेली आणि असंख्य नस्त्या भस्मसात झाल्या, ही गोष्ट निराळी. एरवी कागद आपोआप नाहीसा होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चाच आहे, आणि अभिलेखाची बेकायदा विल्हेवाट लावणाऱ्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. माहिती नाकारणाऱ्यास दिवसाला अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजार, हा दंड सर्वांना पाठ आहे; अभिलेख कायद्याचे नाव मात्र माझ्या कित्येक सहकाऱ्यांनी ऐकलेलेही नाही.

दरम्यान अधिकाराची धार बोथट करण्याचे काम शांतपणे चालू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन केंद्र सरकारच्या नियमांवर सोपवले. राज्य आयोगापुढची प्रलंबित प्रकरणे एक लाखाच्या वर गेली. तीस दिवसांत मिळायच्या कागदासाठी दुसरे अपील वर्षानुवर्षे ताटकळत असेल, तर परिशिष्टातली बाई तोवर संक्रमण शिबिरात असेल की रस्त्यावर, कोण सांगणार? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर, जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, हे कलम ८ मधले उदार वचनच गाळण्याची तरतूद केली. लाभार्थ्यांच्या यादीतले नाव ‘वैयक्तिक’ ठरले, तर बनावट नाव शोधायचे कसे? आणि ज्यांनी या हक्काची किंमत जिवाने मोजली, त्या तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये झालेला खून आपण विसरून चालणार नाही.

म्हणून या संमेलनाने अर्जांची संख्या वाढवण्यापेक्षा अर्जाची गरज कमी करण्याकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवतो. कलम ४ हे या कायद्याचे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मौल्यवान कलम. माहिती आपणहून प्रसिद्ध करा, आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्याला निर्णयाची कारणे सांगा, असे ते सांगते. पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी दोन तास नस्त्या नागरिकांसमोर खुल्या ठेवण्याची प्रथा पाडली, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने सोमवारी तीन ते पाच ही वेळ जिल्हा कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ठरवून दिली. ती आज किती ठिकाणी पाळली जाते, हे येत्या सोमवारी प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासारखे आहे. दुपारच्या सत्रात मी जो ठराव मांडणार आहे त्याचा मजकूर एवढाच: परिशिष्ट-दोन जिथे जिथे लावले जाईल, तिथे प्रत्येक अपात्र नावापुढे अपात्रतेचे कारण, तपासलेल्या कागदाचा क्रमांक आणि अपिलाची शेवटची तारीख मराठीत लिहिलेली असावी, आणि ती यादी पावसाने भिजणार नाही अशा जागी, डोळ्यांच्या उंचीवर लावावी. ठरावावर लल्लूभाई कंपाउंड आणि महाराष्ट्र नगरच्या प्रतिनिधींनी आधी बोलावे, अधिकाऱ्यांनी नंतर. आणि अधिकाऱ्यांच्या भाषणांना दीडशे शब्दांची मर्यादा राहील.