समुद्राचा नकाशा कोणाच्या हातचा?



बाजव्याला समुद्र नाही. मग समुद्राच्या नकाशाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या भागातील कारखान्यांचे सांडपाणी नेणारा सुमारे 55 किलोमीटरांचा कालवा जंबुसर तालुक्यातील सरोदजवळ महीच्या खाडीत रिकामा होतो. त्याच खाडीवर मच्छीमारांचे पोट आहे. हा आपला संबंध.

नकाशा कागदाचा असला, तरी त्यावरून जमिनीचे निकाल लागतात. उपग्रहाच्या चित्रात बोंबील वाळवण्याची जागा नुसती रिकामी वाळू दिसते, आणि रिकामी दिसलेली जागा दुसऱ्या कामी जायला वेळ लागत नाही. म्हणूनच 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत मच्छीमारांच्या सामाईक जागा, धक्के, मासळी वाळवण्याचे ओटे मोठ्या मापाच्या गावनकाशांवर दाखवावेत, असे सांगितले होते. पण त्या जागा कोणत्या, हे कोळणीवाचून कोण सांगणार?

पाण्याचेही तसेच. डोल लावणारा कोळी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून भर पाण्यात आपली जागा शोधतो. उधाणाला ओढ किती, भांगेला किती, हे त्याला पाठ असते.

मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. आपल्याला विश्वासात घेतले नाही, ही तेथील मच्छीमारांची तक्रार पुढे वर्षानुवर्षे राहिली. उलट डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने निराळी वाट धरली. कासवासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात आला, तर जाळे कापून त्याला सोडावे, छायाचित्र पाठवावे आणि 25,000 रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी, अशी ती योजना. यात जीव वाचतो, आणि कोणता प्राणी कोठे आढळतो याची नोंदही मच्छीमाराच्याच हातून होते.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या लोकांना अशी नोंदवही करण्याचा मार्ग खुला केला आहे. तेव्हा माझी सूचना अशी की, महोत्सवाच्या निधीतून थोडी रक्कम काढून वरच्या वर्गातील मुलांना सुट्टीत खाडीकाठच्या गावांत न्यावे. मच्छीमारांनी सांगावे, मुलांनी लिहावे. मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. नकाशा त्यांच्या गुजराती भाषेत असावा व मूळ प्रत त्यांच्या ग्रामपंचायतीत राहावी. आणि माशांच्या विणीच्या जागा बाहेर सांगायच्या की नाहीत, हे त्यांनीच ठरवावे. माहिती आपण घेऊन आलो आणि मालक होऊन बसलो, तर ते पुण्यकर्म नव्हे.

विश्वस्तांनी याचा विचार करावा, एवढी विनंती.