खोली कोणासाठी सजवायची?



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतचे विषय होतात. त्या पंक्तीला भिंतींचा रंग घेऊन बसताना थोडा संकोच वाटतो. पण आयुष्याचा निम्म्याहून अधिक वेळ आपण चार भिंतींच्या आत काढतो. त्या भिंती आपल्याशी कशा वागतात, याचा विचार एक संध्याकाळ करायला हरकत नसावी. मी गृहसजावटीतला पंडित नव्हे. एक खोली आधी बिघडवून मग सुधारलेला गृहस्थ आहे, एवढाच माझा अधिकार.

आमचे घर जुन्या वाड्यातले. माजघर दहा फूट बाय बारा फूट, खिडकी एकच. चुन्यात किंचित नीळ घालून त्याच्या भिंती वर्षानुवर्षे रंगवल्या जात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मला वाटले, आता जरा नव्या पद्धतीचे करावे. दुकानातल्या रंगांच्या पुस्तिकेत केळीच्या पानासारखा गर्द हिरवा डोळ्यांत भरला. तो चारही भिंतींना दिला. खिडकी निम्मी झाकील असे भक्कम कपाट घेतले, तपकिरी कोच घेतला आणि छताच्या मधोमध एक झगझगीत पांढरा दिवा लावला. आल्यागेल्याने वाहवा केली. आठ दिवसांनी पाहतो तो आई तांदळाचे ताट घेऊन परसदारच्या पायरीवर, उन्हात बसलेली! चाळीस वर्षे ती माजघरात बसून धान्य निवडीत आली होती. विचारले, तर म्हणाली, “खोली छान झालीय रे. मला दिसत नाही, एवढंच.”

त्या एका वाक्याने मला पुस्तके चाळायला लावली. पहिली गोष्ट कळली ती डोळ्याची. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतले भिंग पिवळट होत जाते. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठीतल्या माणसाला मिळतो. मला जी खोली गंभीर आणि भारदस्त वाटत होती, ती आईच्या दृष्टीने निव्वळ काळोखी होती.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडातला शेकडा ८० भाग खोलीला परत करते. गर्द हिरवी भिंत दहा-पंधरा भागच देते, बाकीचा गिळून टाकते. शिवाय उजेड एका भिंतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जातो आणि प्रत्येक वेळी ही कपात होतेच. म्हणूनच पुस्तिकेतला बोटभर रंग चार भिंतींवर चढला की अधिक गडद भासतो. आपल्या वाडवडिलांनी चुन्यात नीळ घातली, तीही उगीच नव्हे. चुन्याला येणारी पिवळट झाक निळ्याने मरते आणि पांढरा अधिक पांढरा दिसतो.

रंग एकटा कधीच नसतो, हे एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चांगले दाखवून दिले आहे. शेव्हरल हे त्यांचे नाव. १८२४ साली पॅरिसमधील गोबेलँ या प्रसिद्ध विणकामशाळेत ते रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तेथे तक्रार अशी की, काळा रंग फिका उतरतो. त्यांनी तपासले तो रंग उत्तम होता! निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथच लिहिला. शेजाराने माणूस बदलतो असे आपण म्हणतो, रंगही बदलतो. तेव्हा भिंतीचा रंग निवडताना फरशी, दारे आणि कोच यांच्या शेजारीच तो पाहावा. भिंतीवर दोन फूट चौरसाचा पट्टा मारावा, आणि तो सकाळी, दुपारी व दिवा लागल्यावर असा तीनदा बघावा. साडी घेताना भगिनी ती दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उन्हात पाहतात. पाचशे रुपयांच्या साडीसाठी जी चिकित्सा आपण करतो, ती दहा वर्षांच्या भिंतीसाठी करीत नाही!

आता दिवा. नऊ वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका उजेड देतो, त्यामुळे उजेडाचा तुटवडा आता राहिला नाही; चुकते ती जागा. छताच्या मधोमध एकच दिवा असला की भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याची सावली त्याच्याच मांडीवर पडते. दिव्याचे अंतर निम्मे केले तर उजेड चौपट होतो. म्हणून एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे बरे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तो डावीकडून हवा. दिव्याच्या खोक्यावर आकडा असतो: २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. रात्रीच्या बैठकीला पहिला सुखाचा वाटतो.

सामानाविषयी थोडक्यात सांगतो. खिडकीपुढे काही ठेवू नये. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी फूटभर लांब असावी, म्हणजे सरकवलेला पडदा काच अडवीत नाही. बैठक ठेंगणी असली आणि जमीन मोकळी दिसली की खोली मोठी वाटते. आणि घरात वृद्ध माणूस असेल तर उंबरठा व पायरीची कड जमिनीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगाची करावी. हा शोभेचा प्रश्न नाही. एका पडण्याने म्हातारपण अंथरुणाला खिळते.

आम्ही काय केले? भिंती ताकाच्या रंगाच्या केल्या, छत पांढरे केले. कपाट आतल्या भिंतीला गेले. आईच्या बसण्याच्या जागेजवळ एक पिवळसर दिवा आला. हिरवा रंग मात्र मी टाकून दिला नाही. तो दोन कोनाड्यांच्या आत ठेवला. त्याच्यापुढे पितळेची समई आता अशी उठून दिसते की, शेव्हरलसाहेबांची आठवण यावी. उंबरठ्यावर पांढरी पट्टी ओढली. या सगळ्याला पहिल्या थाटाच्या पाव हिश्शानेही खर्च आला नाही.

आपल्या घरांत बहुधा दर्शनी खोली पाहुण्यासाठी सजते. उत्तम दिवा तिथे, उत्तम रंग तिथे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जिथे रोज सुरी चालते, तिथे बाईची स्वतःचीच सावली. पाहुणा तासाभराने उठून जातो. खोलीचा खरा परीक्षक तो नव्हे. जो तिथे रोज बसतो आणि तक्रार करीत नाही, तो. म्हणून माझी विनंती एवढीच: आज घरी गेल्यावर, दिवा लावून, घरातले सर्वांत वडील माणूस जिथे बसते तिथे पाच मिनिटे बसा आणि हातात वर्तमानपत्र धरा. काय बदलायचे, ते तुम्हाला कोणत्याही व्याख्यात्याशिवाय कळेल.

आमच्या आईने नव्या माजघराविषयी काही अभिप्राय दिला नाही. एका दुपारी ती ताट घेऊन आपल्या जुन्या जागी येऊन बसली, आणि तांदळातला एक बारीक खडा उचलून तिने बाजूला टाकला. मला तेवढे पुरले.