पाच मुलांचा बँड आणि मुख्याध्यापकांचं पत्र



आपल्या वर्गाच्या बँडवर चार शब्द बोल, असा संयोजकांचा आग्रह. दोन स्नेहसंमेलनांपुरता टिकलेला आपला बँड, त्यावर किती बोलणार? म्हणून आधी शेजारच्या एका बँडची गोष्ट सांगतो.

आपल्या वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात १९५०च्या दशकात झांझिबारहून एक पारशी मुलगा आला, फारुख बलसारा. वय जेमतेम आठ. मुख्याध्यापकांनी त्याचा कान ओळखला आणि पालकांना पत्र लिहिलं : थोडी जादा फी भरलीत तर मुलाला पियानो शिकवता येईल. पालकांनी होकार दिला. पुढे तो पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला.

१९५८च्या सुमारास पाच मुलांनी बँड काढला, 'द हेक्टिक्स'. गाणारा ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रँच, ड्रमवर व्हिक्टरी राणा. फरांग इराणीने चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी लावून बेस तयार केला. फारुख पियानोवर. मुख्य गायक तो नव्हताच! शाळेच्या कार्यक्रमांत रॉक अँड रोल वाजवायचं, एवढाच त्यांचा पसारा. मुलं शाळेतून बाहेर पडली आणि बँड संपला.

फारुखचा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, 'क्वीन'चा गायक. पण मला बाकीचे चौघेही तितकेच आवडतात. राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला, सायप्रसमध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व केलं. ब्रँच इंग्लंडमध्ये नट झाला. इराणीने पुण्यात हॉटेल चालवलं. बँड कुणाचाच वाया गेला नाही.

आपल्यालाही सरांनी संगीताच्या खोलीची किल्ली दिली होती. एक मागून आणलेली गिटार, एक बुलबुलतरंग आणि ड्रम म्हणून तेलाचे रिकामे डबे. आपल्यातला कुणी जगप्रसिद्ध झाला नाही. आपला डबेवाला आज हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर ठेका धरतो. गिटारवाला आज आपल्यात नाही. वर्गात एक अक्षर न बोलणारा तो मुलगा पहिल्यांदा भर सभागृहासमोर उभा राहिला, तो त्या बँडमुळे. त्याच्या आईने हे मला अनेकदा सांगितलं आहे.

आज त्या खोलीत मोडके बाक रचून ठेवलेत. आपण जमवलेल्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान बांधावी, आपल्या वर्गाचं नाव कोरावं, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचं शाळेवरचं प्रेम मी जाणतो. तरी माझं मागणं वेगळं आहे. ती खोली मोकळी करून द्या. एक कीबोर्ड, दोन गिटारी, एक ड्रमसेट घेऊ, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणाऱ्याचं मानधन आपण वर्गणीतून देऊ.

गुरुजनांना एवढीच विनंती, की एखाद्या मुलाचा कान तयार दिसला, तर त्याच्या घरी एक पत्र जाऊ द्या. त्याचा बँड वर्षभरात मोडला तरी चालेल.