वर्गणी आपली, प्रत कोणाची?

(डहाणू-तलासरी भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात तलासरी येथे केलेले भाषण, किरकोळ संस्कारांसह.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सांस्कृतिक प्रश्न' एवढे दोनच शब्द छापले आहेत. वनहक्क, मजुरी आणि वाढवण बंदर यांवरील सत्रे आटोपली, जेवणे झाली, की मग सांस्कृतिक प्रश्न घ्यायचा ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र माझा आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. मी एका तबकडीवर बोलणार आहे. तीही अद्याप न आलेल्या.

डहाणू तालुक्यात चित्रकलेचे थोडेफार शिक्षण घेतलेल्या दहा मुलामुलींचा एक गट आहे. काही गंजाडच्या बाजूची, काही इकडची, तलासरीकडची. भिंती रंगवणे, फलक लिहिणे, शाळेत तासिकेवर शिकवणे अशी मिळतील ती कामे ती करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मोबाइलवर एका ॲनिमेशनपटाची, म्हणजे चित्रे हलवून केलेल्या चित्रपटाची, झलक पाहिली. परदेशातील मूठभर चित्रकारांनी कोणत्याही कंपनीच्या आश्रयाविना तो हाताने रेखाटला होता. पैसा अपुरा पडला म्हणून त्यांनी लोकांपुढे हात पसरला: आज वर्गणी द्या, वर्षभरात चित्रपटाची तबकडी घरपोच पाठवू, तिच्यात मूळ कच्ची रेखाटनेही असतील. टपालखर्च धरून पाच हजार रुपये होत होते. मुलांनी प्रत्येकी पाचशे काढले. पाचशे रुपये म्हणजे त्या वेळच्या रोजगार हमीच्या दराने सुमारे दोन दिवसांची मजुरी. दोन दिवसांची मजुरी चित्रपटासाठी आगाऊ देणारी मुले आपल्या पाड्यांत आहेत, ही बातमी आपल्या कोणत्याही अहवालात आलेली नाही.

वर्षाची तीन वर्षे झाली. चित्रपट पुरा झाला, महोत्सवांत फिरला, त्याची वाखाणणी झाली. तबकडी आली नाही. दोन-तीन महिन्यांनी एक पत्र येते. एकदा उपशीर्षके राहिली होती, एकदा एका गाण्याची परवानगी अडली, एकदा कारखान्याने तारीख पुढे ढकलली. मध्यंतरी त्यांतील एक मुलगी मला डहाणू रोड स्टेशनवर भेटली आणि म्हणाली, "काका, आमचे पैसे बुडाले का?" गाडी आली आणि मला उत्तर द्यावे लागले नाही. आजचे भाषण हे त्या राहून गेलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे. चित्रपटाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. ते चित्रकार माझ्या समजुतीप्रमाणे प्रामाणिक आहेत, आणि त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्यावर खटला चालवण्याचा माझा इरादा नाही.

प्रथम, या मुलांना तबकडीच का हवी? चित्रपट पाहायचाच असेल तर आज ना उद्या तो मोबाइलवर येईलच, असे मीही त्यांना म्हणालो होतो. त्यांनी मला जो हिशेब समजावून दिला तो असा. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे. दहा मिनिटांच्या चित्रपटाला सात हजार दोनशे चित्रे झाली. माणूस वळतो कसा, कुऱ्हाड उचलताना खांदा आधी हलतो की कोपर, हे शिकायचे तर एकेका चित्रावर थांबावे लागते, मागे जावे लागते, पुन्हा पाहावे लागते. ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते तेथे हा अभ्यास आंतरजालावरून होणे नाही. या मुलांसाठी ती तबकडी म्हणजे पाठ्यपुस्तक आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मोबाइलवरचा चित्रपट मालकाच्या मर्जीने दिसतो आणि मालकाच्या मर्जीने नाहीसा होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्स या अमेरिकन वाहिनीने खर्चकपातीच्या धोरणाखाली अनेक ॲनिमेशन मालिका आपल्या सेवेतून एका फटक्यात काढून टाकल्या. 'इन्फिनिटी ट्रेन' ही त्यांतलीच एक. पैसे भरून पाहणारे प्रेक्षक राहिले बाजूला. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून ती चित्रे काढली त्या कलावंतांनाही विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. खंडकऱ्याला कुळकायद्याने काही संरक्षण तरी दिले. या नव्या जमीनदारीत कुळाची नोंदच नाही.

आणि प्रत नसली म्हणजे काय होते हे आपल्या महाराष्ट्राला ठाऊक असायला हवे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये आगकाड्या एकेक सरकवून 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट केला. भारतातील ॲनिमेशनचा आरंभ तेथून धरतात. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच हाती राहिला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते.

मग तबकडी निघायला एवढा उशीर का? यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. उत्पादनाचे अर्थशास्त्र आहे. तबकडी छापायची तर काचेवर मूळ ठसा घ्यावा लागतो, त्यावरून धातूचा साचा, आणि साच्यावरून प्लास्टिकच्या प्रती. साच्याचा खर्च दहा प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींनाही तेवढाच. म्हणून कारखाना लहान मागणी घेत नाही, घेतली तर मोठ्या गिऱ्हाइकांच्या मागे ठेवतो. आपल्याकडे तर कारखाने फारसे उरले नाहीत. नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास भारतीय चित्रपटांच्या व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकून बाजार हलवून सोडला होता. तलासरी नाक्यावरही त्या तबकड्या लोंबकळत असत. २०१८ मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला आणि कामगार देणी मागत राहिले. ज्या वस्तूचा गिरणीसारखा धंदा बुडाला ती वस्तू हौशी कलावंतांनी वर्षभरात देण्याचे कबूल केले, हे त्यांचे भाबडेपण. दुसरा काही दोष मला दिसत नाही.

गाण्याच्या परवानगीचेही तसेच. नीना पेली या अमेरिकन चित्रकर्तीने रामायणातील सीतेची कथा घेऊन 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा पूर्ण लांबीचा पट जवळजवळ एकटीने केला. २००८ मध्ये तो पुरा झाला. त्यात १९२० च्या दशकातील ॲनेट हॅनशॉ या गायिकेची गाणी आहेत. गायिका हयात नाही, पण गीतांचे हक्क कंपन्यांच्या ताब्यात, आणि त्यांनी मागितलेली रक्कम एकट्या बाईच्या आवाक्याबाहेरची. अखेरीस कर्ज काढून तिने तडजोड केली आणि २००९ मध्ये चित्रपट सर्वांना मोफत खुला करून टाकला: पाहा, प्रती काढा, वाटा. विशेष असे की मोफत मिळत असूनही लोकांनी तबकड्या विकत घेतल्या, देणग्या दिल्या. तिचे हे धाडस प्रत्येकाने करावे असे मी म्हणणार नाही. पोट प्रत्येकाला आहे. परंतु कुलूप घातल्यावाचून कलावंत जगत नाही हे मत तितकेसे खरे नाही, एवढे त्यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लोकवर्गणीतून चित्रपट ही कल्पना आपल्याला नवी नाही. 'मंथन' हा श्याम बेनेगल यांचा १९७६ चा चित्रपट, ज्याच्या पटकथेत आपल्या विजय तेंडुलकरांचा हात होता, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. निर्माते म्हणून पडद्यावर त्यांचाच उल्लेख आहे. ते शेतकरी गाड्या भरभरून आपला चित्रपट पाहायला गेले, हे सर्वांना माहीत आहे. त्यापुढची गोष्ट कमी लोक सांगतात. वर्गणी दूध संस्थांच्या संघाने गोळा केली होती, चित्रपटाचा मालक तो संघ होता, आणि म्हणून पुढे त्याच्या लहान मापाच्या प्रती गावोगाव नेऊन दाखवता आल्या, त्यांच्या आधाराने नव्या संस्था काढता आल्या. २०२४ मध्ये हा चित्रपट दुरुस्त होऊन कानच्या महोत्सवात दाखवला गेला, तोही प्रत सांभाळणारे कोणी होते म्हणून. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा मंडळींनी गावोगाव चॅप्लिनचा 'द किड' दाखवून पैसे जमवले आणि १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' केला. तेथे वर्गणी देणारा आणि पाहणारा एकच होता, आणि दोघे समोरासमोर होते.

आजची आंतरजालावरील लोकवर्गणी बाहेरून तशीच दिसते. आत मात्र एक कळीचा फरक आहे. वर्गणीदार तेथे सभासद नसतो. सेबीने २०१४ मध्ये या विषयावर एक चर्चापत्र काढले, पण वर्गणीदाराला हिस्सा देणारी सार्वजनिक व्यवस्था आपल्या देशात त्यातून उभी राहिली नाही. म्हणजे आमची दहा मुले मालक नाहीत, भागीदार नाहीत. धड गिऱ्हाईकही नाहीत, कारण संकेतस्थळ म्हणते की हे दुकान नव्हे. जोखीम भांडवलदाराची, हक्क देणगीदाराचा, असा हा व्यवहार आहे. मधले संकेतस्थळ आपला टक्का पहिल्याच दिवशी कापून घेते आणि मोकळे होते. मग उरतात दोन गरीब पक्ष, अर्धपोटी चित्रकार आणि वाट पाहणारा रसिक, आणि ते एकमेकांवर चिडतात. गेल्या वर्षभरात आमच्या मुलांनी त्या चित्रकारांना लिहिलेली काही पत्रे मी वाचली. ती कडवट आहेत. मुकादम निघून गेल्यावर मजुरांनी आपसांत भांडावे, तसे ते मला वाटले.

तरीही चित्रकारांची एक चूक मी झाकणार नाही. त्यांनी हिशेब दिला नाही. किती जमले, किती खर्च झाले, साच्यासाठी किती राखून ठेवले, हे त्यांच्या एकाही पत्रात नाही. दिलगिरी मात्र प्रत्येक पत्रात आहे. (आपल्या तालुका शाखेच्या वर्गणीचा जमाखर्च शेवटचा कधी वाचून दाखवला गेला, हेही या निमित्ताने कोणी विचारावे. मी विचारणार नाही, मी पाहुणा आहे.)

हा प्रश्न डहाणू-तलासरीत मांडण्याला आणखी एक कारण आहे. येथील चित्राने मालकी गमावण्याचा अनुभव जगाआधी घेतला आहे. लग्नाचा चौक सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहायचा, धवलेरीने गाणी म्हणायची, आणि पुढे भिंत सारवली की चौक गेला. तो गेल्याचे दुःख कोणाला नव्हते, कारण पुढच्या लग्नात तो पुन्हा लिहिणारे हात घरातच होते. प्रत जपण्याची ही एक वेगळी तऱ्हा होती. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी कागद आणून दिला आणि गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर एक अख्खे जग उभे केले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. दरम्यान त्या आकृत्या साड्यांवर, चहाच्या कपांवर, थंड पेयाच्या जाहिरातींत जाऊन बसल्या. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते येथील आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीने, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. पण कोणत्या पाड्यावर त्या जाहिरातींचा पैसा पोहोचला?

ही मुले ॲनिमेशन शिकत आहेत ती त्या आकृत्या स्वतः हलवण्यासाठी. तारप्याभोवतीचा फेर त्यांनी जुन्या संगणकावर हलवून मला दाखवला. अवघी अकरा सेकंदे. त्यांना पुढे १९४५ चा उठाव करायचा आहे. झरीची परिषद, वेठबिगार आणि लग्नगडी यांचा अंत, तलवाड्याचा गोळीबार आणि जेठ्या गांगड. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' त्यांनी वाचले आहे, आणि काहींनी त्याहून अधिक आपल्या आज्यांकडून ऐकले आहे. उद्या ती मुले वर्गणी मागायला आपल्याच दारात येतील. तेव्हा ती संकेतस्थळामार्फत न मागता एखाद्या सहकारी संस्थेमार्फत मागावी. देणाऱ्याचे नाव सभासद म्हणून नोंदले जावे. दर तिमाहीला जमाखर्च पाड्यावर वाचला जावा. रेखाटनांचे हक्क काढणाऱ्यांकडे राहावेत. आणि पहिल्या शंभर प्रती ग्रंथालये, आश्रमशाळा व वसतिगृहे यांना गेल्यावाचून चित्रपट कोणत्याही वाहिनीला देऊ नये, असे मी सुचवतो. या सूचनांत त्रुटी असतील. सहकाराचे आपल्याकडे काय झाले ते मलाही दिसते. चर्चेत त्यावर बोलावे.

आता त्या मुलीला द्यायचे उत्तर. पैसे बुडाले असे मला वाटत नाही. पण तिने आणि तिच्या सोबत्यांनी त्या चित्रकारांना आणखी एक पत्र लिहावे, आणि त्यात तबकडी कधी असे न विचारता साच्याचे किती पैसे कमी पडतात असे विचारावे. तसे पत्र आम्ही गेल्या रविवारी बसून लिहिले आणि पाठवले. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान येथल्या वाचनालयातला बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर एका साथीने डहाणूहून दुरुस्त करून आणला आहे. तो बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, आणि त्याच्या दुरुस्तीचे चारशे रुपये अजून देणे आहे.