पाय मोजून पाहा

भिवंडी तालुक्यातलं दापोडे म्हटलं की आज आठवतात ती गोदामं आणि ट्रकांच्या रांगा. पण मृगाचा पहिला दणकून पाऊस पडला की गोदामाच्या भिंतीपासून भातखाचराच्या बांधापर्यंत वेगळीच वर्दळ सुरू होते. बिळातून मुठे निघतात, ओल्या भिंतीवर वाणी चढतात, विटांखालून गोम पळते, दिव्याखाली पंखवाल्या वाळवीचा खच पडतो. ही सगळी मंडळी एकाच घराण्यातली, संधिपादांची. पाठीला कणा नाही, पायांना सांधे, आणि अंगावर कायटिनचं कवच.

हे कवच अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून वाढत्या वयात ते पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. कात टाकलेली चिंबोरी काही दिवस मऊ आणि आतून पाणचट असते. बाजारात चिंबोरी हातात तोलून ‘पोकळ आहे गं’ म्हणत परत ठेवणाऱ्या मावशींना हे कुणी शिकवावं लागत नाही.

घराण्यातल्या शाखा ओळखायच्या तर पाय मोजा. सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे तीन भाग दिसले, तर तो कीटक. मुंगी, झुरळ, तांदळातले सोंडे. पंख फक्त याच शाखेला. धान्य साठवणाऱ्याला खरी धास्तीही हिचीच.

आठ पाय असले तर कोळी, विंचू. म्हशीच्या कासेला चिकटलेली पूर्ण वाढलेली गोचीडसुद्धा आठ पायांची, म्हणजे कीटक नव्हेच! विंचवाचे पुढचे चिमटे मात्र पायांत धरू नका. कोकणातला तांबडा विंचू चावला की विषामुळे हृदयावर विलक्षण ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं. महाड परिसरात अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं उपचार करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कित्येक जीव वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा.

गोम आणि वाणी यांचे पाय मोजत बसायला सवड कुणाला? शरीराच्या एकेका खंडाकडे पाहा. गोमेला प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, वाणीला बहुतेक खंडांना दोन. गोम विषारी आणि शिकारी. वाणी बिचारी कुजका पाला खाते, डिवचलं की वेटोळं करून पडते.

खेकडा आणि कोळंबी कवचधारी, दहा पायांची. खेकड्याच्या नांग्या त्यांत धरायच्या. याच शाखेतला एक जीव पाण्यापासून दूर, कुंडीखाली राहतो. करड्या रंगाचा, चौदा पायांचा. त्याच्या काही जाती हात लावताच गोळी होतात. त्याला आपण सर्रास किडा म्हणतो, पण तो खेकड्याचा भाऊबंद. पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतो, म्हणून ओल सोडून त्याला जगता येत नाही.