कामावरील अपघात आणि भरपाईचा हक्क



१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने जे निवेदन सिद्ध केले, त्यात रविवारच्या सुटीची मागणी होती, हे बहुतेकांस ठाऊक असते. त्याच निवेदनातील दुसरी एक मागणी मात्र विस्मृतीत गेली आहे. काम करीत असता जायबंदी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. ती कायद्यात उतरावयास १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीचा कामगार नुकसानभरपाई अधिनियम आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने त्याची जागा घेतली आहे. तथापि त्याची मूळ तत्त्वे संहितेतही कायम आहेत.

त्यांपैकी पहिले तत्त्व असे की, मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर नाही. अपघात नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात घडला, एवढे पुरेसे असते. ‘तुझ्याच निष्काळजीपणामुळे बोट गेले’ असे दरडावून कामगारास परत पाठविले जाते, तेव्हा त्या बोलण्यास कायद्याचा आधार नसतो. नशा केलेली असणे, सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा यंत्रावरील संरक्षक जाळी मुद्दाम काढून टाकणे, हे अपवाद खरे. पण मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही मालकाच्या उपयोगी पडत नाहीत.

भरपाईचे माप शरीराच्या हानीवर नव्हे, तर कमावण्याची शक्ती किती गेली यावर ठरते. ओरिसातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार १९६९ साली खाली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एक हात शाबूत आहे, तेव्हा अपंगत्व अंशतःच धरावे, असा मालकाचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये तो फेटाळला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्णच गेली, असे मानण्यात आले. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही त्याच निकालाने पक्के केले. एक महिन्याच्या आत ती न दिल्यास १२ टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड यांची तरतूद आहे.

आकड्यांत पाहिल्यास, तीस वर्षे वयाच्या आणि मासिक १४,००० रुपये वेतनाच्या कामगारास कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर वेतनाच्या ६० टक्क्यांस, म्हणजे ८,४०० रुपयांस, त्या वयाच्या २०७.९८ या गुणांकाने गुणावयाचे. रक्कम १७,४७,०३२ रुपये होते. अंगठा गेल्यास अनुसूचीप्रमाणे त्याच्या ३० टक्के. हातावर दहा-वीस हजार टेकवून ‘प्रकरण मिटविले’ जाते, त्या वेळी हा हिशेब कोणी सांगत नाही.

कामावर जाता-येता घडलेल्या अपघाताविषयी दीर्घकाळ संभ्रम होता. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर मरण पावला. त्याच्या विधवेस, चार मुलांस व आईस मंजूर झालेले ३,२६,१४० रुपये उच्च न्यायालयात नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ते पुन्हा मंजूर केले. मधल्या बावीस वर्षांत मुले मोठी होऊन गेली. आता संहितेतच अशा अपघातास स्थान मिळाले आहे. वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध मात्र दिसला पाहिजे.

विमा योजनेखालील कामगाराचा दावा मालकाविरुद्ध नव्हे, तर राज्य कामगार विमा महामंडळाकडे असतो. म्हणून आपला विमा उतरविलेला आहे की नाही, हे अपघातापूर्वीच जाणून घ्यावे. गोव्यात बांधकामावर वा गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्यांस हे बहुधा माहीतच नसते. ठेकेदार पसार झाला तरी, ज्याच्या धंद्याच्या कामासाठी तो नेमला होता त्या मुख्य मालकावर भरपाईची जबाबदारी येते.

अपघात होताच अपघात नोंदवहीत नोंद करवून घ्यावी आणि लेखी सूचना देऊन पोच जपून ठेवावी. इस्पितळात ‘घरी पडलो’ असे सांगण्यास भाग पाडले जाते. तसे कदापि सांगू नये, कारण डॉक्टरांच्या कागदावरचे ते दोन शब्द पुढे साक्षीदार बनून उभे राहतात. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. हक्क सोडल्याचा करार कायद्याने निरर्थक ठरतो, पण तो तसा ठरवून घेण्यात वर्षे जातात. मृत्यूची भरपाई मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावयाची असते. दाव्याची मुदत अपघातापासून, अथवा मृत्यू झाल्यास त्या तारखेपासून, दोन वर्षे आहे. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो.