पन्नाशीनंतरची मुलाखत

सातपूर-अंबडच्या कारखान्यातून पन्नाशीत बाहेर पडलेला कामगार नव्या दारी उभा राहतो, तेव्हा पहिला प्रश्न वयाचाच होतो. तो मान खाली घालून उत्तर देतो; वय हा जणू गुन्हाच!

पण त्याची फसगत त्याआधीच झालेली असते. 'शेवटी आला तो आधी गेला' हे कपातीचे सर्वसाधारण सूत्र १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. जुन्या कामगाराला हे सूत्र राखते, म्हणूनच त्याच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद येतो. (स्वेच्छा कोणाची, हे विचारू नये.) सही होताच ती कायद्याने कपात ठरत नाही आणि फेरभरतीतील अग्रहक्कही जातो. नव्या संहितेने तो हक्क कपात झालेल्यालाही एका वर्षापुरताच ठेवला आहे. सहीपूर्वी तो कागद युनियनमध्ये वाचून घ्यावा.

मुलाखतीत वर्षे मोजून दाखवू नयेत, काम सांगावे: कोणते यंत्र चालवले, कोणता बिघाड स्वतः काढला, किती नवशिके हाताखाली तयार केले. सेवेचा दाखला जवळ असावा. नेमणूक ठेकेदाराकडून असेल, तर भविष्यनिर्वाह निधी भरला जाईल ना, हे विचारण्यात संकोच कसला? १९९५ च्या पेन्शन योजनेत निवृत्तिवेतनाला १० वर्षांची सेवा लागते. ८ वर्षांवर पेन्शनची रक्कम काढून घेणारा पुढच्या ठिकाणी पुन्हा पहिल्या वर्षापासून मोजू लागतो. त्याऐवजी योजनेचे प्रमाणपत्र घेतले, तर ती ८ वर्षे जमेस राहतात.